गाव मोजताना (भाग ७) : माणसे, वाड्या आणि एसटी

जनगणनेच्या गावनिर्देशिकेत प्रत्येक महसुली गावाला एक ओळ मिळते. क्षेत्रफळ, घरे आणि लोकसंख्या यांच्या पुढे बस, रेल्वे, पक्का रस्ता असे रकाने असतात. सोय गावात नसेल, तर ती ५ किमीच्या आत, ५ ते १० किमीवर की १० किमीच्या पलीकडे, एवढेच नोंदवले जाते. २०११ मध्ये देशातल्या सुमारे ६ लाख ४० हजार गावांची माहिती याच पद्धतीने भरली गेली.

महाराष्ट्रातले गाव या एका ओळीत मावत नाही. महसुली गाव म्हणजे गावठाण, आणि शिवारभर विखुरलेल्या वाड्या, पाडे, तांडे, वस्त्या. एसटी येते ती गावठाणात, चावडीपाशी किंवा पारापाशी. पण ‘बस आहे’ ही नोंद अख्ख्या गावाच्या नावावर पडते. ओढ्यापलीकडे तीन किमीवर असलेली वाडीही त्यात आलीच. पावसाळ्यात ओढा चढला आणि वर साकव नसला, की अडलेल्या बाईला डोली करून रस्त्यापर्यंत आणावे लागते. कागदावर तिच्या गावात बस आहे.

२५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने रस्त्याचा हिशेब गावाऐवजी वस्तीवर आणला, हे तिचे मोठे काम. सपाट मुलखात ५०० आणि डोंगरी, आदिवासी व वाळवंटी भागात २५० लोकसंख्येची वस्ती बारमाही रस्त्याला पात्र ठरली. त्यासाठी २००१ च्या जनगणनेचे आकडे धरले गेले. जवळजवळच्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याचीही सोय होती. तरीही २४० माणसांच्या एकट्या पाड्याला हा उंबरठा ओलांडता येत नाही, आणि डोंगरातले पाडे बहुधा असेच लहान असतात.

रस्ता झाला म्हणजे गाडी आली, असेही नाही. गाडी येण्यासाठी रोज पुरेसे उतारू लागतात. मोठ्या गावात मुक्कामाची गाडी असते : रात्री शेवटची फेरी येते, चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला निघते. कॉलेजची मुले, दवाखान्याला निघालेले म्हातारे, कोर्टाची तारीख असलेला शेतकरी, सगळ्यांचा दिवस त्या फेरीवर बेतलेला असतो. ही एक फेरी बंद झाली, की सर्वांत आधी मुलींचे शिक्षण तुटते. मुलगे कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जातात. मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी निळ्या बस सुरू झाल्या, त्या याच अडचणीवर. लहान गावांचा भार वडाप वाहते. पण वडाप भरल्याशिवाय हलत नाही, बाजाराच्या दिवशी खच्चून भरते आणि रात्री मिळत नाही.

लोकसंख्येवर रस्ता ठरतो, तसा रोजगार आणि रस्ता यांवर लोकसंख्येचा आकडाही ठरतो. जवळ काम नाही आणि रोज जाऊन-येऊन करावे तर गाडी नाही, अशा गावातली माणसे हंगामभर बाहेर राहतात. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. हे दिवस ऊसतोडीच्या ऐन हंगामाचे. बीड जिल्ह्यातल्या तांड्यांवरची कितीतरी घरे तेव्हा कुलूपबंद असतात आणि कुटुंबे कारखान्याच्या परिसरात कोप्या घालून राहतात. गणतीचा सगळा काळ घराबाहेर असलेल्या माणसाची नोंद तो जिथे सापडेल तिथे होते. म्हणजे तांड्याची माणसे दुसऱ्याच गावाच्या आकड्यात जातात.

ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यासाठी पात्रता ठरते ती २०११ च्या याच आकड्यांवर. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. म्हणजे ऊसतोडीचा हंगाम तेव्हाही संपलेला नसेल.