सही करण्याआधी कणगी मोजा

चिप्सच्या कंपनीसाठी बटाटा लावायचा म्हटलं की गावात पहिला प्रश्न निघतो, ‘भाव काय देतात?’ आपण त्याआधी घरातली कणगी बघू. आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार डोळ्यांसमोर ठेवा. पावसाळी बटाट्यासाठी हे पठार नावाजलेलं, कंपन्यांचे करारही इथे नवे नाहीत. करार शेती म्हणजे माल, प्रत आणि भाव लागवडीआधीच खरेदीदाराशी ठरवून केलेली शेती. बाजार समिती कायद्यात बदल करून महाराष्ट्राने तिला २००६ मध्ये वाट करून दिली.

पहिलं काम हिशेबाचं. तो पारावर नको, चुलीपाशी करा. दळण किती लागतं हे घरातल्या बाईइतकं कुणालाच ठाऊक नसतं. पाच माणसांना भाकरी-भाताचं रोज २ किलो धान्य धरलं, तर वर्षाला सव्वासात क्विंटल होतं. प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड असेल तर माणशी महिन्याला ५ किलोप्रमाणे ३ क्विंटल येईल. उरले सव्वाचार. पाहुणेरावळे, सणवार धरून पाच म्हणा. डाळ-कडधान्य वेगळं; रोज पाव किलो म्हटलं तरी वर्षाला ९० किलो.

आता रान. खरिपात बटाटा आला की बाजरी हटते, आणि तिच्या ओळींमधले मूग-मटकीही जातात. बाजरी गेल्याचं लगेच कळतं, कारण ती विकत आणावी लागते. कडधान्य मात्र मुकाट्याने ताटातून कमी होतं. म्हणून घरच्या धान्याचं रान आधी बाजूला काढा, उरेल तेवढंच कराराला द्या. जिरायती ज्वारी एकरी चार क्विंटल धरली, तर पाच क्विंटलला सव्वा एकर लागेल. ‘बटाटा काढून त्याच रानात ज्वारी करू’ हा बेत चांगला, पण पाऊस लांबून लागवड उशिरा झाली की काढणीही लांबते आणि ज्वारीच्या पेरणीची वेळ टळते. मग दाणे गेले आणि जनावरांचा कडबाही गेला.

यानंतर करारनामा. तो वाचून दाखवायला सांगण्यात कमीपणा नाही. एकरी आठ-दहा क्विंटल बेणं लागतं. कंपनी ते बहुधा उधारीवर देते आणि पट्टीतून, म्हणजे मालाच्या बिलातून, कापून घेते. बेण्याचा किलोचा दर कागदावर आहे का, ते बघा.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती प्रतवारीपाशी. बटाट्याचा आकार ठरलेला असतो. उन्हाने हिरवा पडलेला बटाटा चालत नाही. चकती तळूनही पाहतात. बटाट्यात साखर जास्त असेल तर चकती तपकिरी पडते. आपल्या डोळ्यांना तो बटाटा छान दिसतो, पण तळणीत नापास होतो! तेव्हा विचारा: माल बांधावर तपासणार की कारखान्याच्या दारात? दारात नापास झाला तर परतीचं भाडं कुणाचं? उत्तर तोंडी नको, लिहून घ्या. आणखी एक: बाजार पडला की प्रतवारी कडक होते असा अनुभव पुष्कळजण सांगतात. वजनाची पावती जागच्या जागी मागा.

शेवटी पैसे. बटाट्याची पट्टी दिवाळीच्या आगेमागे हातात पडते, नवी ज्वारी बाजारात येते ती फेब्रुवारी-मार्चात. मधल्या तीन-चार महिन्यांत दुकानदाराची उधारी, शाळेची फी आणि मोटरसायकलचा हप्ता यांत पैसा विरून जातो. मग भर पावसाळ्यात, भाव चढलेला असताना, पाच-दहा किलोनं ज्वारी आणायची पाळी येते. घरचं रान कमी पडलं असेल तर तुटीच्या धान्याचे पैसे पट्टी आली त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि सुगीलाच वर्षाची ज्वारी घेऊन ठेवा. कणगीत भरण्याआधी तिला चांगली तीन-चार उन्हं दाखवा. दाणा दाताखाली कट्ट वाजला की वाळली समजायचं.