सोन्याहून महाग बगळा

पावसाळ्यात किनवटजवळ पैनगंगेच्या काठी छोटा बगळा नीट न्याहाळून पाहा. विणीच्या दिवसांत त्याच्या पाठीवर झिरझिरीत पिसं फुटतात. साध्या पिसाचे तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत अडकतात, अगदी झिपसारखे. बगळ्याच्या या पिसांत ते आकडेच नसतात! म्हणून एकेक तंतू सुटा राहतो आणि वाऱ्याच्या झुळकीनं थरथरतो.

या थरथरीनं १९०० च्या सुमारास लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कच्या बायकांना वेड लावलं. टोपीवर ही पिसं हवीतच! १९०३ मध्ये अमेरिकेत औंसभर पिसांना, म्हणजे जेमतेम २८ ग्रॅमला, ३२ डॉलर मिळत. तेवढं सोनं २१ डॉलरच्या आत येई!

आणि टोप्या तरी केवढ्या? १९१० च्या आसपास त्या खांद्यांहूनही रुंद झाल्या. डोक्यावर टिकत कशा? केसांत गाद्या भरून आंबाडा फुगवायचा आणि वीतभर लांबीच्या पिना आरपार खोचायच्या.

खरी गोम पुढेच आहे. ही पिसं येतात फक्त विणीच्या काळात. म्हणजे शिकारी बगळा मारणार तो घरट्यापाशीच, आणि मागे पिल्लं उपाशी मरणार. याउलट मोर पाहा. पावसाळा सरताना तो पिसारा आपणच झाडतो. आपल्याकडे दिवाळीत गोंडांच्या दंडारी उत्सवात घुसाडी नर्तक ज्या मोरपिसांचा मुकुट घालून नाचतात, ती पिसं जंगलात अशी आयती पडलेली सापडू शकतात. बगळ्याला ही सवलत नव्हती.

मग विरोध कुणी केला? बायकांनीच! १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी पिसं न वापरणाऱ्या बायकांची संस्था काढली. तीच आज ब्रिटनची पक्षी संरक्षणाची मोठी संस्था आहे. हिंदुस्थानातून पिसं बाहेर पाठवायला १९०२ मध्येच बंदी आली. ती विकत घेणाऱ्या ब्रिटननं आयातबंदीचा कायदा केला १९२१ मध्ये. तब्बल १९ वर्षांनी! मधल्या काळात चोरटा माल जातच राहिला.

कायद्याच्या जोडीला आली कात्री. पहिल्या महायुद्धानंतर बायकांनी केस मानेपर्यंत कापले. आंबाडाच गेला, तर पिना खोचायच्या कशात? मग आली भुवयांपर्यंत ओढलेली, डोक्याला घट्ट बसणारी क्लॉश टोपी. पिसांचा डोलारा तिच्यावर मावणार तरी कुठे?