लाकडाची माती कशी होते?

चेन्नई शहरातील तिरुवल्लिकेणी हा जुना भाग पार्थसारथी मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. ‘अल्लि’ म्हणजे कुमुदिनी व ‘केणी’ म्हणजे तळे. पवित्र कुमुदतळे, असा या नावाचा अर्थ होय. नावात पाणी असले, तरी जमिनीत ते फार वेळ ठरत नाही. मरीना किनाऱ्यालगतचा हा प्रदेश वालुकामय आहे. वाळूचे कण मोठे आणि त्यांमधील पोकळ्याही मोठ्या. त्यामुळे पाणी भराभर खाली उतरते आणि जाताना विरघळलेली पोषकद्रव्ये बरोबर नेते. येथील पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. पुढे उन्हाळाभर अंगणातील रोप जगवावयाचे ते घागरीच्या पाण्यावर. २०१९ च्या जूनमध्ये शहराचे मुख्य जलाशय जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा तेही दुर्लभ झाले.

अशा जमिनीस पाणी धरून ठेवण्याची शक्ती सेंद्रिय द्रव्यापासून मिळते. पाने, शेण व लाकूड कुजून अखेरीस जो काळसर पदार्थ उरतो, त्यास ह्यूमस म्हणतात. तो स्पंजाप्रमाणे पाणी शोषून घेतो आणि पोषक क्षारांनाही वाहून जाऊ देत नाही.

१२ डिसेंबर २०१६ रोजी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर आदळले आणि हजारो वृक्ष उन्मळून पडले. असे लाकूड जाळले, तर हाती केवळ राख उरते. कुजविले, तर माती सुधारते. परंतु ताजा भुसा किंवा ढलपे थेट मातीत मिसळणे हिताचे नसते. लाकडात कर्बाचे प्रमाण नत्राच्या कित्येक शेकडा पट असते. ते कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांना मात्र पंचवीस-तीस भाग कर्बामागे एक भाग नत्र लागते. ही उणीव ते मातीतील नत्राने भरून काढतात. रोपे उपाशी राहतात व पिवळी पडतात. शिवाय लाकडातील लिग्निन हा चिवट पदार्थ फोडण्याचे काम मुख्यतः काही बुरशीच करू शकतात, आणि त्यास वेळ लागतो.

या अडचणीवर इंदूर येथे मार्ग शोधला गेला. तेथील संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी कंपोस्टाची जी पद्धत सिद्ध केली, तिचे विवेचन करणारा त्यांचा ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. कपाशीच्या व तुरीच्या कठीण पळकाट्या प्रथम रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडल्या जात. मग त्या गुरांखाली अंथरून शेण-मूत्राने भिजविल्या जात. चिरडल्याने जीवाणूंना शिरावयास वाट मिळे, आणि शेण-मूत्रातून नत्र.

तिरुवल्लिकेणीच्या परसातही हेच तत्त्व लागू पडते. फांद्यांचे बारीक ढलपे करावे. त्यांच्या थरावर ओला पाला, स्वयंपाकघरातील भाजीपाल्याचा कचरा किंवा देवळातील तुळस-फुलांचे निर्माल्य घालावे. वर शेणाचा काला शिंपडावा. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर असावा. आतील उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तीत बहुतेक तणांचे बी व रोगजंतू मरतात. ती उतरू लागली, की ढीग उलथून आत हवा खेळू द्यावी. पाला काही महिन्यांत कुजतो. लाकडास वर्ष किंवा अधिकही लागते. न कुजलेले तुकडे चाळून पुढील ढिगात टाकावे. रंग दिलेले लाकूड व प्लायवूड मात्र ढिगात घालू नये.

खत काळसर झाले, त्यास पावसाळी मातीचा वास येऊ लागला व ढीग पुन्हा तापेनासा झाला, की ते तयार झाले असे समजावे. ते वरच्या थरात मिसळावे. ताजे ढलपे उरले, तर केवळ आच्छादन म्हणून पृष्ठभागावर पसरावे. बुंध्यापाशी मात्र थोडी जागा मोकळी सोडावी. त्यांनी बाष्पीभवन कमी होते, आणि मातीत न मिसळल्याने मुळांजवळचे नत्र बहुतांशी सुरक्षित राहते.

उष्ण हवामानात ह्यूमस लवकर क्षय पावतो. म्हणून हे काम एकदा करून संपत नाही. दर वर्षी गळणारा पाला व छाटलेली फांदी दर वर्षीच मातीस परत द्यावी लागते.