शैलाश्रयांतील प्राचीन चित्रे

इतिहासाच्या पाठात आदिमानवास लिहिता येत नव्हते, एवढे सांगून शिक्षकास पुष्कळदा पुढे जावे लागते. परंतु लिपी नसतानाही त्या मानवाने आपली हकिकत खडकावर रंगवून ठेवली आहे, हे विद्यार्थ्यांस सांगणे अगत्याचे आहे.

भोपाळजवळील भीमबेटका येथे वाळूच्या दगडाच्या प्रचंड कपारी आहेत. १९५७ साली विष्णु श्रीधर वाकणकर या मराठी संशोधकाने तेथील चित्रे उजेडात आणली. पुढे १९७३ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तेथे उत्खनन केले. तळाशी दगडी हातकुऱ्हाडी, तर वरच्या थरांत गारगोटीची बारीक पाती मिळाली. एकाच कपारीत अनेक युगांची वस्ती झाली होती, हे त्यावरून दिसते. चित्रांपैकी सर्वांत जुनी सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची मानली जातात. २००३ साली या स्थळाचा जागतिक वारशात समावेश झाला.

तांबडा रंग गेरूचा. पांढरा पांढऱ्या मातीचा. गवे, हरणे, शिकारी, नाचणाऱ्यांच्या रांगा अशी ही चित्रे आहेत. कोठे कोठे एका चित्रावर दुसरे काढलेले आढळते. अशा ठिकाणी खालचे चित्र आधीचे व वरचे नंतरचे होय. ही गोष्ट वर्गात सहज दाखविता येते. फळ्यावर पांढऱ्या खडूने हरीण काढून त्यावरून तांबड्या खडूने घोडेस्वार काढावा, आणि आधी कोणते काढले, हे मुलांनाच विचारावे. उत्तर शोधताना काळाचा क्रम कसा लावतात, हे त्यांना आपोआप उमगेल.

हजारो वर्षे टिकलेली ही चित्रे मनुष्याच्या निष्काळजीपणाने मात्र थोड्या काळात नष्ट होऊ शकतात. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून त्यावर पाणी मारले, तर दगडातील क्षार पृष्ठभागी येऊन पांढरा थर धरतो व रंगाचे पापुद्रे सुटतात. खडूने रेषा गिरविल्यास मूळ रेषा कोणती, हेच कळेनासे होते.

पुणे जिल्ह्यातील मुलांना भीमबेटका दूरची आहे. पण कार्ले, भाजे व जुन्नर येथील लेणी जवळची आहेत. तेथे सहल नेण्यापूर्वी शिक्षकांनी एकच नियम ठरवून द्यावा : डोळ्यांनी पाहावे, वहीत काढावे, दगडास हात लावू नये. भिंतीवर नाव कोरणारा मुलगा पूर्वजांचे लेखन पुसत असतो, हे त्यास रागावून न सांगता समजावून सांगावे.