पाण्यातून सायकलीवर

ट्रायथलॉनमध्ये पोहणं, सायकल आणि धावणं असे तीन टप्पे असले तरी घड्याळ मधल्या वेळेतही चालूच असतं. पाण्यातून बाहेर पडल्यापासून सायकल घेऊन निघेपर्यंतच्या वेळेला खेळाडू ‘टी-वन’ म्हणतात. ऑलिंपिक अंतराच्या शर्यतीत १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणं असतं. सायकलीचा वेग ताशी ३० किमी धरला, तर ४० किमीला ८० मिनिटं लागतात. त्यातली दोन मिनिटं वाचवायची तर सगळं अंतर ताशी जवळपास ३०.८ किमीने कापावं लागेल. त्यासाठी कित्येक आठवडे घाम गाळावा लागतो. टी-वनमधली दोन मिनिटं त्यामानाने फुकटात मिळतात, कारण ती बहुधा शोधाशोध आणि चाचपडण्यात गेलेली असतात.

तयारी पाण्यातच सुरू होते. पोहताना अंग आडवं असतं आणि बरंचसं काम हातांवर असतं. एकदम उभं राहिलं की रक्त खाली उतरतं आणि गरगरल्यासारखं होतं. म्हणून शेवटच्या शंभरेक मीटरमध्ये पाय जरा जोराने मारावेत. हात वाळूला लागेपर्यंत पोहत राहावं. कमरेएवढ्या पाण्यातून चालणारा दमतो जास्त आणि पुढे सरकतो कमी. टोपी आणि गॉगल धावताधावता काढायचे.

परदेशी व्हिडिओंत टी-वन म्हणजे मुख्यतः वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा घट्ट पोशाख, झटपट उतरवण्याच्या युक्त्या. आपल्याकडे त्यांचा फारसा उपयोग नाही. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या लांब पल्ल्याच्या शर्यतीचंच बघा. आयर्नमॅनच्या नियमांनुसार पाणी २४.५ अंश सेल्सियसच्या वर असेल, तर वेटसूट घालणाऱ्या हौशी स्पर्धकाला बक्षिसावर हक्क सांगता येत नाही, आणि गोव्याचा समुद्र याहून उबदार असतो. तिथल्या मिरामार किनाऱ्यावर खरी डोकेदुखी वाळूची. ओल्या पावलांना चिकटलेली वाळू मोज्यात गेली, की पुढे २१ किमी धावताना फोड ठरलेलेच. सायकलीशेजारी छोटा टॉवेल अंथरावा, पाण्याची बाटली ठेवावी, पाय धुऊन टॉवेलवर दाबावेत. मोज्यांत आधीच पावडर टाकून ते बोटांपर्यंत गुंडाळून ठेवले, तर ओल्या पायावरही सरकन चढतात. छोट्या शर्यतीत मोजे न घालणारे पुष्कळ असतात. लांबच्या शर्यतीत मी ते दहा सेकंद आनंदाने देईन.

सर्वांत जास्त वेळ खाते ती हरवलेली सायकल. सकाळी आपण ती लावायला एका बाजूने येतो आणि पोहून दुसऱ्याच बाजूने आत शिरतो. त्यात शेकडो सायकली सारख्याच दिसतात. म्हणून शर्यतीआधी पाण्याच्या वाटेने आपल्या रॅकपर्यंत चालत जावं, ओळी मोजाव्यात आणि खूण हलणार नाही अशी निवडावी: झाड, दिव्याचा खांब. शेजाऱ्याची भगवी सायकल नको. तो आपल्या आधी निघून गेलेला असू शकतो.

हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे मोकळे सोडून ठेवायचं, चष्मा त्यातच. हेल्मेटचं बक्कल लावल्याशिवाय सायकल रॅकवरून काढली तर दंड होतो. म्हणून बक्कल आधी, सायकल नंतर, हा क्रम हाताला बसला पाहिजे. ट्रायसूट अंगावर असल्याने कपडे बदलायचे नसतात. खायचं एनर्जी जेल सायकलीच्या दांड्याला चिकटवलेलं असावं. जे चालत्या सायकलीवर करता येतं, ते उभं राहून कशाला करायचं?

मग सीट धरून सायकल पळवत न्यायची आणि ‘माउंट लाइन’ ओलांडल्यावरच बसायचं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जोनाथन ब्राउनली त्या रेषेआधीच सायकलीवर बसला आणि १५ सेकंदांचा दंड भोगूनही कांस्यपदकापर्यंत पोहोचला. बूट आधीच पेडलला अडकवून, रबरबँडने आडवे धरून, धावत्या सायकलीवर उडी मारणारे खेळाडू टीव्हीवर सुंदर दिसतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. बूट घालून सावकाश पळावं, त्यांच्या तळाच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या क्लीट गुळगुळीत फरशीवर घसरतात. सायकल आदल्या दिवशीच हलक्या गिअरवर ठेवली, की पहिलं पेडल जड जात नाही.

या सगळ्याचा सराव सोसायटीच्या पार्किंगमध्येही होतो. फक्त कोरड्या अंगाने करू नये. दोन बादल्या पाणी अंगावर ओतावं, धाप लागेपर्यंत पळावं आणि मग बक्कल लावून बघावं. वॉचमनला आधी कल्पना दिलेली बरी.