फोन बंद, छापखाना चालू: पोलंडची सात वर्षं

आंदोलनाचा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो. लाखो लोक रस्त्यावर उतरतात, सरकार सगळं चिरडतं, नेते आत जातात. मग पुढची पाच-सात वर्षं काय करायचं? त्याच मधल्या काळाबद्दल आज बोलू या.

पोलंड म्हटलं की आपल्याला कोल्हापूरजवळची वळिवड्याची छावणी आठवते. ती महायुद्धातली गोष्ट. युद्धानंतर तो देश कम्युनिस्ट पक्षाच्या एकपक्षीय राजवटीखाली गेला. ऑगस्ट 1980 मध्ये ग्दान्स्कच्या जहाज कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या आन्ना वालेन्तिनोविच यांना कामावरून काढलं आणि संप पेटला. त्यातून 'सॉलिडॅरिटी' ही सरकारपासून स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली. साडेतीन कोटींच्या देशात जवळजवळ 1 कोटी सभासद! विचार करा.

मग 13 डिसेंबर 1981, रविवार. मध्यरात्रीच देशभरचे फोन बंद. सकाळी लोक उठले तर रस्त्यावर रणगाडे आणि टीव्हीवर जनरल यारुझेल्स्की, मार्शल लॉ जाहीर करताना. हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. व्हुयेक खाणीत गोळीबारात 9 खाणकामगार मारले गेले. पुढे फोन सुरू झाले, पण रिसीव्हर उचलला की आधी रेकॉर्ड वाजायची: संभाषणावर नियंत्रण आहे. चोरून ऐकतोय हे सरकार स्वतःच सांगत होतं, म्हणजे बघा.

आता उरलेल्यांनी काय करायचं? इथे भांडण झालं, आणि माझ्या मते हाच या गोष्टीचा गाभा आहे. यात्सेक कुरोन यांनी स्थानबद्धतेतून लिहिलं की एक मजबूत केंद्र उभारा आणि मोठ्या उठावाची तयारी करा. झ्बिग्न्येव्ह बुयाक म्हणजे उर्सूस ट्रॅक्टर कारखान्यातला इलेक्ट्रिशियन, तोवर पोलिसांना चकवून भूमिगत झालेला. तो आणि व्हिक्टर कुलेर्स्की म्हणाले, नको. एकच केंद्र असलं की एकाच छाप्यात सगळं संपतं. छोटे छोटे गट करा, दमानं चाला. ऑक्टोबर 1982 मध्ये संघटनेवर कायद्याने बंदी आली. नोव्हेंबरात देशव्यापी संपाची हाक दिली, तर ती फसली. लोक घाबरले होते, थकलेही होते.

मग टिकलं काय? कंटाळवाणी कामं टिकली! 'तिगोद्निक माझोव्शे' नावाचं भूमिगत साप्ताहिक फेब्रुवारी 1982 पासून 1989 पर्यंत निघत राहिलं. हेलेना वुचिवो आणि त्यांच्या सहकारी, संपादन बहुतेक बायकांच्याच हातात. पोलीस शोधत होते पुरुष पुढाऱ्यांना! लिहिणारे वेगळे, छापणारे वेगळे, वाटणारे वेगळे. एक सापडला तरी साखळी पूर्ण तुटत नसे. शाई मिळेना तेव्हा कपडे धुण्याच्या पेस्टमध्ये रंग कालवून स्क्रीन प्रिंटिंग करायचे.

आणि पैसा? ही माझी आवडती गोष्ट. मार्शल लॉच्या 10 दिवस आधी व्रोत्स्वाफच्या कार्यकर्त्यांनी संघटनेच्या खात्यातून 8 कोटी झ्लॉटी रोख काढले आणि थेट आर्चबिशपच्या घरी नेऊन ठेवले. खाती गोठली तेव्हा हे पैसे बाहेर होते. बाकी चालायचं वर्गणीवर. कुणी गुपचूप पैसे दिले की पुढच्या अंकात त्याचं टोपणनाव आणि रक्कम छापून यायची. पावती फाडता येत नाही, पण हिशोब तर द्यायलाच हवा ना! तुरुंगात गेलेल्यांच्या, नोकरी गेलेल्यांच्या घरी मदत पोचवणं हे दुसरं मोठं काम, त्यात चर्चचा आधार होता. घरी चूल पेटतेय हे माहीत असलं तरच माणूस आत तग धरतो.

श्विद्निक गावचा किस्सा सांगतोच. फेब्रुवारी 1982 मध्ये लोकांनी ठरवलं, संध्याकाळी साडेसातच्या सरकारी बातम्या लागल्या की सगळ्यांनी फिरायला बाहेर पडायचं. काहींनी तर टीव्हीचं तोंड खिडकीतून रस्त्याकडे केलं. फिरायला जाणं हा काय गुन्हा? मग सरकारने तिथली संचारबंदी सातलाच लावली. लोक संध्याकाळी पाचच्या बातम्यांना फिरू लागले.

हे सगळं गोड नव्हतं. 1984 मध्ये फादर येझी पोपियेउश्को यांना गुप्त पोलीस खात्यातल्या अधिकाऱ्यांनी पळवून ठार मारलं. बरेच जण देश सोडून गेले. मे 1986 मध्ये, साडेचार वर्षांनी, बुयाक पकडला गेला. पण साप्ताहिक निघतच राहिलं.

1988 मध्ये महागाई भडकली, पुन्हा संप झाले, तेव्हा सरकारला बोलणी करायला कुणीतरी लागत होतं. संघटना नावाला बेकायदा, पण तिची माणसं, तिची जाळी जागेवर. फेब्रुवारी ते एप्रिल 1989 गोलमेज चर्चा झाली. 4 जूनला अर्धवट खुल्या निवडणुकीची पहिली फेरी झाली. दोन्ही फेऱ्या धरून सॉलिडॅरिटीने सिनेटच्या 100 पैकी 99 जागा जिंकल्या, आणि खालच्या सभागृहात लढवता येत होत्या त्या सगळ्या 161. प्रचारासाठी मे महिन्यात 'गझेता विबोर्चा' हे दैनिक सुरू झालं होतं. ते उभं करणाऱ्यांत त्याच हेलेना वुचिवो होत्या, या वेळी पेपर उघडपणे स्टॉलवर.

पुढच्या भागात चिली: 1988 मध्ये पिनोशेला मतपेटीतून कसं हरवलं. भेटू या!