जुनापाणीच्या वर्तुळांखाली पुरलेले धन

नागपूरच्या वायव्येला, काटोल रस्त्यालगत जुनापाणीच्या माळावर काळ्या धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळे आहेत. अशा जागी गुप्तधन असते, हा समज पूर्ण निराधार नाही, आणि म्हणूनच तो घातक ठरतो. जमिनीत वस्तू आहेत हे खरे; पण त्या सोन्याच्या मोहरा नव्हेत. ही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील लोहयुगीन दफने आहेत. मृताची हाडे, बहुधा अर्धवटच, मडक्यांसह ठेवायची, वर माती नि दगडगोट्यांचा भराव घालायचा आणि भोवती धोंड्यांचे कडे रचायचे, अशी रीत होती. विदर्भातल्या अशा वर्तुळांतून निघाले ते लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, तांब्याच्या घंटा. माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार. कुऱ्हाडीचे पाते दांड्याला आवळायच्या आडव्या लोखंडी पट्ट्यासुद्धा टिकल्या आहेत. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली, म्हणजे हे लोखंड इथल्याच लोकांच्या हातचे. सोने मात्र अगदी क्वचित. हावेपोटी खणणाऱ्याला गंजके लोखंड मिळते, आणि ते कोणत्या थरात, कोणत्या हाडांशेजारी होते ही माहिती कायमची जाते. खरे मोल त्या मांडणीचे आहे.

यावर कोणी म्हणेल, काही वर्तुळे उकरून झाली, वस्तू संग्रहालयात गेल्या, मग बाकीची कशाला जपायची? एक तर सगळी वर्तुळे सारखी नाहीत. १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांच्या उत्खननात इथेच त्यांचे वेगवेगळे प्रकार दिसले. दुसरे, एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅकने इथे खोदले तेव्हा कार्बन कालमापन अस्तित्वातच नव्हते. तेव्हाच सगळे उकरले असते तर पुढे कालमापन कशाचे केले असते? शिवाय कड्यातल्या काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्यांचा दिशांशी किंवा आकाशनिरीक्षणाशी संबंध असावा, असे काही संशोधक मांडतात. ते सिद्ध झालेले नाही. पण तपासायचे तर धोंडा मूळ जागी हवा. तो उचलून बांधावर रचला, तर चोरी काहीच झाली नाही असे वाटते, पण पुरावा गेलेला असतो.

‘वर्तुळे संरक्षित म्हणजे भोवतालची शेती बंद’ हा समजही चुकीचा आहे. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८च्या कायद्यातील २०१०च्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधकामाला परवानगी लागते. त्या पट्ट्यातल्या शेतात नांगर चालवायला हा कायदा आडवा येत नाही.